न विचारता ठरलेले अक्षर



कारखान्याचे स्वतःचे स्थायी आदेश मंजूर होईपर्यंत सरकारी आदर्श आदेश लागू होत, हे जुन्या कामगारांस ठाऊक आहे. आपण काही ठरवले नाही म्हणजे काहीच ठरले नाही असे नव्हे; दुसऱ्याने ठरवलेले आपल्याला लागू होते. संगणकाच्या जगात यालाच डीफॉल्ट म्हणतात.

काही वर्षांपूर्वी एका कचेरीतून आमच्या संघटनेची सभासद-यादी छापून आली. तिकीट नंबर बरोबर, वर्गणी बरोबर. नावांच्या जागी मात्र प्रश्नचिन्हांच्या रांगा! याचे मूळ शोधताना आम्ही थेट स्वीडनपर्यंत जाऊन पोहोचलो.

मायएसक्यूएल हे माहिती साठवण्याचे सॉफ्टवेअर १९९५ साली तेथे जन्मले. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कोणत्या अक्षराला कोणता आकडा, हे अक्षरसंकेत ठरवतो. मायएसक्यूएलने लॅटिन-१ हा संकेत गृहीत धरला आणि अनुक्रम स्वीडिश वर्णमालेचा लावला. एका बाइटचा हा संकेत. त्यात जागा २५६. पश्चिम युरोपची सोय झाली, देवनागरीस स्थान नव्हते. युनिकोडात मात्र देवनागरीला १९९१ सालीच जागा मिळाली होती. कर्त्यांनी द्वेषाने काही केले नाही. आपल्या शेजाऱ्यापुरते पाहिले, इतकेच.

२००४ च्या ४.१ आवृत्तीत ‘यूटीएफ-८’ आले. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात, म्हणून आपले भागले. परंतु खऱ्या यूटीएफ-८ मध्ये चार बाइटपर्यंत मुभा असता येथे तीनच दिले होते. मोडी लिपीस २०१४ साली युनिकोडात जागा मिळाली, ती चार बाइटांची. ती या नावापुरत्या यूटीएफ-८ मध्ये मावत नाही. पूर्ण संकेत २०१० साली निराळ्या नावाने आला, आणि तोच डीफॉल्ट व्हावयास २०१८ उजाडले.

तरीही जुनी कोष्टके आपोआप बदलत नाहीत; ती मुद्दाम बदलावी लागतात. आणि एकदा नावाच्या जागी प्रश्नचिन्ह साठवले गेले, की त्यातून नाव परत निघत नाही. आमचे कागदी रजिस्टर शाबूत होते, म्हणून नावे पुन्हा लिहिता आली.

मजुराचे नाव हा त्याच्या हक्काचा पहिला पुरावा. म्हणून यंत्र घेताना किमतीबरोबर एवढे अवश्य विचारा: आम्ही काहीच सांगितले नाही, तर हे कोणाची अक्षरे गृहीत धरते?