छातीतली तार : पेसमेकरच्या बिघाडांचा इतिहास

तीन वर्षांपूर्वी भाद्रपदात अप्पांच्या डाव्या खांद्याखाली, पेसमेकर बसवला होता तिथली कातडी लालसर झाली. ताप नव्हता, दुखतही फारसे नव्हते. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. लाली गेली, पुन्हा आली. असे तीन महिने गेले. अखेर पुण्यातील तज्ज्ञांनी सांगितले, "यंत्र काढावे लागेल. नुसते यंत्र नाही, हृदयात गेलेल्या दोन्ही ताराही." अप्पा म्हणाले, "रुपयाएवढ्या डागासाठी काळजापर्यंत हात घालायचा?" त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी पेसमेकरच्या इतिहासात शिरलो. तो इतिहास यशाचा आहेच, पण त्याहून अधिक तो बिघाड आणि दुरुस्तीचा आहे.

८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोमजवळच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात ४३ वर्षांच्या आर्ने लार्सन यांच्या शरीरात जगातला पहिला संपूर्ण पेसमेकर बसवला गेला. ठोके मंदावून त्यांची शुद्ध दिवसातून वीस-तीस वेळा हरपत असे. पत्नी एल्स-मारी यांनी पिच्छा पुरवला, म्हणून अभियंता रूने एल्मक्विस्ट यांनी यंत्र बनवले आणि शल्यविशारद ओके सेनिंग यांनी ते बसवले. यंत्राचे सुटे भाग एपॉक्सी राळेत ओतले होते, आणि साचा होता बूटपॉलिशच्या डबीचा! ते यंत्र काही तासांतच बंद पडले. लगेच दुसरे बसवले. लार्सन पुढे २००१ पर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले. एल्मक्विस्ट आणि सेनिंग दोघेही त्यांच्याआधी गेले. त्या ४३ वर्षांत लार्सन यांना एकूण २६ पेसमेकर लागले.

पहिला शत्रू बॅटरी होती. १९६० साली अमेरिकेतील बफेलो येथे विल्सन ग्रेटबॅच आणि डॉ. विल्यम चार्डॅक यांनी पाऱ्याच्या बॅटरीवर चालणारे यंत्र रुग्णांना बसवले. ही बॅटरी हायड्रोजन वायू सोडते, त्यामुळे यंत्र हवाबंद करता येत नसे. राळेतून शरीरातला ओलावा आत झिरपे आणि दोनेक वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागे. १९७० च्या दशकात लिथियम-आयोडिन बॅटरी आली. ती वायू सोडत नाही, म्हणून यंत्र टायटॅनियमच्या डबीत पक्के बंद करता आले. त्याचे आयुष्य वाढले.

बॅटरी सुधारली, तशी तारेची दुबळी बाजू उघडी पडली. लार्सन यांच्या वेळी छाती उघडून तार हृदयावर शिवली होती. त्याच १९५८ साली न्यूयॉर्कच्या माँटेफिओरे रुग्णालयात सीमूर फर्मन यांनी शिरेतून तार हृदयात नेऊन दाखवली. छाती उघडण्याची गरज संपली. पण ही तार प्रत्येक ठोक्यासरशी वाकते, म्हणजे दिवसाला सुमारे एक लाख वेळा. शिवाय काही वर्षांत तिच्याभोवती चिवट तंतू वाढतात आणि ती शिरेला, हृदयाच्या भिंतीला चिकटून बसते. अशी तार ओढली तर हृदय फाटण्याची भीती असते. एके काळी तारेच्या बाहेरच्या टोकाला वजन बांधून, ते कप्पीवरून सोडून, रुग्णाला दिवसेंदिवस तसेच निजवून ठेवत. १९९० च्या दशकात तारेभोवतालचे तंतू लेसरने सोडवणारी नळी आली आणि हे काम बरेच सुकर झाले. धोका मात्र पूर्ण गेला नाही.

मग तार काढायची केव्हा? हा धडा महागात पडला. टेलेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या ॲक्युफिक्स तारेत आकार टिकवण्यासाठी एक वाकडी धातूची काडी होती. ती मोडून बाहेर येते आणि हृदयाला टोचू शकते, हे १९९४ मध्ये उघड झाले. घाबरून अनेकांच्या तारा काढल्या गेल्या. पुढे हिशेब झाला तेव्हा दिसले, की मोडलेल्या काडीपेक्षा तार काढतानाच अधिक माणसे दगावली. म्हणूनच २००७ मध्ये मेडट्रॉनिकच्या स्प्रिंट फिडेलिस तारा मोडू लागल्यावर, जगभरात सुमारे २,६८,००० तारा बसवलेल्या असूनही, त्या सरसकट काढू नयेत, नजर ठेवावी, असाच सल्ला दिला गेला.

जंतुसंसर्गाचे गणित मात्र उलटे आहे. यंत्रावर आणि तारेवर जंतूंचा चिकट थर बसतो. औषध रक्तातून फिरते, त्या थरात नीट शिरत नाही. गोळ्यांनी वरची लाली ओसरते, आतले जंतू तारेच्या वाटेने हृदयाकडे सरकतात. म्हणून २००९ मध्ये हार्ट ऱ्हिदम सोसायटीच्या तज्ज्ञांनी निःसंदिग्ध सांगितले, की संसर्ग निश्चित असेल, तो कातडीखालच्या कप्प्यापुरता दिसत असला तरी, यंत्र आणि तारा सगळे काढावे. बॅटरी बदलताना तोच कप्पा पुन्हा उघडावा लागतो, आणि पहिल्या वेळेपेक्षा त्या वेळी संसर्गाचा धोका अधिक असतो. अप्पांची बॅटरी त्याच वर्षी चैत्रात बदलली होती.

अप्पांच्या दोन्ही तारा सुखरूप निघाल्या. संसर्ग संपल्यावर उजव्या बाजूला नवे यंत्र बसले. आता तारेविना, थेट हृदयात बसणारे इवलेसे पेसमेकरही आले आहेत. अमेरिकेत त्यातल्या पहिल्याला २०१६ मध्ये मान्यता मिळाली. पण ते प्रत्येकाला चालतात असे नाही.

आमचे तीन महिने गोळ्यांत गेले, याची रुखरुख मला आहे. ज्यांच्या घरी असे यंत्र बाळगणारे माणूस आहे, त्यांना एवढेच सांगायचे : त्या जागी लाली, सूज किंवा पाणी दिसले तर गोळ्यांवर थांबू नका, जिथे यंत्र बसवले तिथे आधी दाखवा. लार्सन २६ यंत्रे बदलून ८६ वर्षे जगले, ते वेळच्या वेळी झालेल्या दुरुस्तीमुळेच.