वांद्रे की बांद्रा? एका नावाची गोष्ट

दरवर्षी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा मंडळाच्या कार्यकर्त्यांचा आग्रह असतो आणि दरवर्षी मी तो टाळतो. यंदा मात्र विषय घरातच मिळाला.

सुट्टीत जाण्यासाठी तिकिटे काढली. जयपूरहून गाडीत बसायचे आणि वांद्रे टर्मिनसला उतरायचे. चाकसूत राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांचा हाच मार्ग. तिकीट पाहून कार्यालयातील एका मित्राने विचारले, "भाईसाहब, यह बांद्रा बंदरों का गाँव है क्या?" सगळे हसले, मीही हसलो. घरी ही गंमत सांगितली तर मुलगा म्हणाला, "बाबा, मग बांद्रा हे नाव पडलं तरी कशावरून?" माझे सारे बालपण वांद्र्यात गेलेले, पण मला धड उत्तर देता येईना. त्याने 'बांद्रा' म्हटलेलेही कुठेतरी बोचले. मग जुनी पुस्तके काढून बसलो.

आमच्या मित्राचा गोंधळ तसा साहजिकच आहे. हिंदीतील 'बंदर' हा संस्कृत 'वानर' शब्दापासून आला. आपल्याकडेही खेड्यात माकडाला 'वांदर' म्हणतात. पण 'बंदर' नावाचा दुसराही एक शब्द आहे, तो फारसी. त्याचा अर्थ गलबते लागण्याची जागा. मराठीत आपण तो सर्रास वापरतो; हिंदीत त्याला 'गाह' जोडून 'बंदरगाह' म्हणतात. इराणमधील बंदर अब्बास, गुजरातेतील पोरबंदर ही याच शब्दाची नावे. आंध्रातील मछलीपट्टणला तिथले लोक नुसते 'बंदर'च म्हणतात. वांद्रे हे नावही याच 'बंदर'वरून आले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

आजचे वांद्रे पाहणाऱ्याला तिथे कसले आले बंदर, असा प्रश्न पडेल. त्यासाठी जुना नकाशा डोळ्यांसमोर आणावा लागतो. मुंबई बेट माहीमला संपत असे. पुढे खाडी, आणि खाडीपलीकडे साष्टी बेट. साष्टी म्हणजे सहासष्ट गावांचा मुलूख. त्याच्या दक्षिण टोकाला, खाडीच्या तोंडाशी वांद्रे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. होड्या लावायला याहून सोयीची जागा कोणती?

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशाहाने वसईबरोबर हा मुलूख पोर्तुगीजांना दिला. ते या गावाला 'बांदोरा' म्हणत. १६४० मध्ये त्यांनी टोकावर किल्ला बांधला, त्याचे नाव 'आग्वाद'. गोव्याचा आग्वाद किल्ला अनेकांनी पाहिला असेल. आग्वाद म्हणजे जहाजांनी गोडे पाणी भरून घेण्याची जागा. गाव बंदराचे होते, याची साक्ष असा हा किल्लाही देतो.

पुढे चिमाजी आप्पांच्या मोहिमेत साष्टी मराठ्यांकडे आली आणि १७३९ मध्ये वसईही पडली. मुंबईच्या इंग्रजांना मराठे थेट खाडीपलीकडे येऊन ठेपल्याची धास्ती होती. वांद्रे सुमारे पस्तीस वर्षे मराठ्यांकडे राहिले. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली.

तरीही माहीमहून वांद्र्याला जायचे तर होडीनेच, आणि पावसाळ्यात ते जिवावरचे काम. लेडी जमशेटजी जीजीभॉय यांनी १,५७,००० रुपये दिले आणि १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे खुला झाला. नंतर रेल्वे आली. माणसे पायी, गाडीने येऊ लागली आणि बंदर मागे पडले. खाडीत भराव पडले, दलदलीवर कार्यालयांचे मनोरे उभे राहिले. मुंबईचे दोन जिल्हे झाले ते १ ऑक्टोबर १९९० रोजी. त्यातील मुंबई उपनगर जिल्ह्याचे मुख्यालय वांद्र्यातच आहे. बंदर गेले, नाव तेवढे राहिले.

मात्र गाव अगदीच पुसले गेलेले नाही. चिंबई आणि दांडा येथे आजही कोळी बांधवांची वस्ती आहे. रानवारसारख्या गावठाणांतील ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबे घरात मराठीचीच एक बोली बोलत आली आहेत. टेकडीवरील माउंट मेरीला आपले लोक 'मोत माउली' म्हणतात. पोर्तुगीज 'मोंत' म्हणजे डोंगर. त्याचे 'मोत' झाले आणि त्याला आपली 'माउली' जोडली गेली. तिची जत्रा सप्टेंबरात, पुष्कळदा गणपतीच्याच सुमारास असते. चाकसूच्या शील की डूंगरीवरील शीतलामातेचा मेळा पहिल्यांदा पाहिला, तेव्हा मला तीच टेकडी, तीच गर्दी आठवली होती.

आमचे घर पूर्वेच्या सरकारी वसाहतीत होते. वडील मंत्रालयात नोकरीला. ते निवृत्त झाले आणि आठवड्याभरात चावी परत करावी लागली. आईने रिकाम्या खोल्यांतून एकदा फिरून घेतले, देवघराच्या कोनाड्यावर हात फिरवला आणि दार ओढून घेतले. आज वांद्र्यात आमची वीटही नाही. जे आहे ते नाव, आणि मुलाच्या तोंडी तेही 'बांद्रा' झाले आहे.

स्टेशनच्या पाटीवर मराठीत 'वांद्रे' आणि हिंदीत 'बान्द्रा' लिहिलेले असते. पोर्तुगीजांनी आपल्या जिभेने म्हटले, इंग्रजांनी आपल्या. त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण आपल्या जिभेवरचे नाव आपण नाही सांभाळायचे, तर कोणी?

दुसऱ्या दिवशी ही सगळी कथा मित्राला सांगितली. तो मन लावून ऐकत होता. मग म्हणाला, "हमारा चाकसू भी पुराने कागज़ों में चाटसू है, आपको पता है?" मला माहीत नव्हते. इतकी वर्षे इथे राहून, इथले पाणी पिऊन, मी कधी विचारलेच नव्हते! आता त्याच्याकडून चाकसूची गोष्ट ऐकायची आहे.

मुलाला दोन्ही गोष्टी सांगणार आहे. वांद्रे त्याच्या आजोबांचे, चाकसू त्याचे स्वतःचे. आपणही आरतीनंतर मुलांना जवळ बसवून आपापल्या गावाच्या नावाची गोष्ट सांगावी, एवढीच विनंती.

गणपती बाप्पा मोरया!