शीव की शिव?

मध्यंतरी जपानी लिपीबद्दल वाचत होतो. बाजारासाठी ते दोन चिन्हं लिहितात. ती 'इचिबा' अशी वाचली तर भाजीचा, मासळीचा, पिशवी घेऊन जायचा बाजार. तीच 'शिजो' वाचली तर शेअर बाजारासारखा, अर्थशास्त्रातला. कुठलं वाचायचं ते संदर्भावरून ठरवायचं.

म्हटलं, काय ही कटकट! पण मंडळी, आपण तरी वेगळं काय करतो? 'तो जात आहे' आणि 'त्याची जात कोणती'... अक्षरं तीच. पहिला ज 'जावई'तला, दुसरा 'जीव'मधला. सवयीमुळे आपलं अडत नाही इतकंच.

मोडीत तर ही गंमत आणखी वाढते. तिथे इकार एकच, उकार एकच, ऱ्हस्व-दीर्घ नाहीच. सुत म्हणजे मुलगा आणि सूत म्हणजे धागा, दोन्ही सारखेच दिसतात. शब्दही सुटे नसतात. भराभर लिहायला सोयीचं, आणि वाचणाऱ्याला विषय ठाऊक असायचा.

आमच्या जळगावच्या घरी पणजोबांचं मोडीतलं खरेदीखत आहे. चतुःसीमेत एका बाजूला हाच घोळ: शिव, म्हणजे महादेवाचं देऊळ, की शीव, म्हणजे गावाची हद्द? मोडी जाणणाऱ्या एका काकांनी पुढचं वाचलं. तिथे शेजारच्या गावाचं नाव होतं. म्हणजे शीव! जमीन कुठे संपते ते पुढच्या शब्दानं ठरलं.

असेच कागद इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून जमवत. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८चा. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते धुळ्यात वारले आणि १९२७ मध्ये तिथेच त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. कागद जपले गेले, पण शाळांतून मोडी गेली आणि वाचणारे कमी होत गेले. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला सरकारनं समिती नेमली, तेव्हा मोडी जाणणाऱ्यांची केवढी शोधाशोध झाली! कुणाचा तरी दाखला त्या एका शब्दाच्या वाचनावर अडलेला होता.

कागद पेटीत राहतो, पण त्याचा अर्धा अर्थ वाचणाऱ्याच्या डोक्यात असतो. तो माणूस गेला की कागद मुका. भावंडांनो, कुणाच्या माळ्यावर मोडी दप्तर असेल, तर वाचणारं कुणी आहे तोवर शेजारी बसून बाळबोधीत उतरवून घ्या.