माती मारते की मातीतली चांदी?

मे महिन्यात विदर्भातल्या काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि नवी मुंबईतल्या करावे गावच्या खाडीकाठी ओहोटीला उघड्या पडलेल्या खाजणात पाय रुततो. दोन्हीकडे मूळ दख्खनचा बेसॉल्ट. तो झिजून होणाऱ्या चिकणमातीत स्मेक्टाइट गटातली खनिजे भरपूर असतात. मॉन्टमोरिलोनाइट हे त्यांतले सर्वांत अभ्यासलेले. अशा खनिजांना जीवाणूंवर सोडण्याचे एक शास्त्र आहे. मात्र नुसती माती सहसा जीवाणू मारत नाही. उलट धनुर्वाताचे बीजाणू मातीतच तग धरून असतात, तेव्हा खाजणातला चिखल जखमेला लावण्याच्या भानगडीत कोणी पडू नये.

मॉन्टमोरिलोनाइटचा एकेक थर जेमतेम १ नॅनोमीटर जाडीचा. त्यात काही ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसलेले असते. त्यामुळे थरावर ऋणभार उरतो आणि तो फेडायला सोडियम, कॅल्शियमचे धनायन थरांच्या मध्ये येऊन बसतात. तेही सैलच. चांदीच्या क्षाराच्या द्रावणात माती ढवळत ठेवली की सोडियम बाहेर पडतो, चांदी आत शिरते. तांबे, जस्त किंवा लांब शेपटीचे क्वाटर्नरी अमोनियम क्षारही असेच बसवतात. या शेवटच्या प्रकारात एक गंमत आहे. जीवाणूचा पृष्ठभागही ऋणभारित, त्यामुळे कोरी माती त्याला दूर लोटते; हे क्षार भरपूर चढवले की मातीचा भार पालटतो आणि जीवाणू आपणहून येऊन चिकटतो.

चिकटला म्हणजे मेला का? माझ्या मते या प्रश्नाकडे द्यावे तेवढे लक्ष दिले जात नाही. मातीसोबत ई. कोलाय ठेवले, वरचे पाणी आगरवर पसरले आणि वसाहती कमी उगवल्या, तर जीवाणू मेले असतील किंवा मातीला धरून तळाशी जिवंतही असतील. म्हणून कोऱ्या मातीचा नमुना शेजारी हवाच, आणि मातीतून सुटलेले पाणी गाळून वेगळे तपासायला हवे. पाण्याच्या गढूळपणावरून वाढ मोजायला जाल तर मातीच फसवेल.

मुळातच जीवाणूनाशक अशा मात्याही थोड्या आहेत. ॲरिझोना स्टेट विद्यापीठात लिंडा विल्यम्स आणि शेली हेडल यांनी फ्रेंच हिरव्या मातीपासून हा शोध पुढे नेला. ओरेगॉनच्या निळ्या मातीत अखेर मारेकरी निघाले ते विरघळलेले लोह आणि ॲल्युमिनियम. तिथेही थर नव्हे, मातीतून सुटणारे आयनच.

आता शुद्ध पाण्यात उत्तम ठरलेली चांदीची माती करावे गावच्या खाऱ्या पाण्यात टाकून पाहा. तिथला सोडियम चांदीला थरांबाहेर ढकलणार, क्लोराइड तिला गाठून न विरघळणारे सिल्व्हर क्लोराइड करणार. तांब्याचे दुखणे वेगळेच: ते शेवाळालाही विषारी, आणि शेवाळावर जगणाऱ्या रोहित पक्ष्यांचे ठाणे खाडीतले अभयारण्य २०२२ पासून रामसर स्थळ आहे. म्हणून सांडपाण्यातले जीवाणू मारायला अशी माती सुचवणाऱ्याने मेलेल्या जीवाणूंच्या आकड्याशेजारी पाण्यात सुटलेल्या धातूचाही आकडा छापावा.