हवेची साक्ष

परमेश्वराने मातीच्या मानवात जीवनाचा श्वास फुंकला, असे आम्ही उत्पत्तीच्या पुस्तकात वाचतो. तो श्वास ज्या हवेवर चालतो, तिच्यात काय मिसळले आहे हे मात्र डोळ्यांना दिसत नाही. ते मोजून दाखविणाऱ्या आद्य संशोधकांत रॉबर्ट अँगस स्मिथ (१८१७-१८८४) यांचे नाव अग्रभागी आहे.

धर्मसेवेसाठी ग्लासगो विद्यापीठात गेलेले स्मिथ ते शिक्षण अर्ध्यावर सोडून जर्मनीत लिबिग यांच्याकडे रसायनशास्त्र शिकले आणि मँचेस्टरला स्थायिक झाले. गिरण्यांच्या त्या शहराभोवतीचे पावसाचे पाणी त्यांनी तपासले. पाऊस हवा धुऊन खाली आणतो. दूरच्या शेतांवर अमोनियाचे कार्बोनेट, उपनगरांत अमोनियाचे सल्फेट आणि शहरात चक्क गंधकाम्ल, असा निष्कर्ष त्यांनी १८५२ साली मांडला.

त्या काळी साबण व काच यांसाठी लागणारा सोडा मिठापासून करीत. त्यातून निघणाऱ्या हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वायूने आसपासची शेते व झाडे करपत. पीडित शेतकऱ्याने दाद मागितली, तरी अनेक धुराड्यांपैकी दोषी कोणते हे सिद्ध करणे कठीण असे. १८६३ च्या कायद्याने या वायूपैकी ९५ टक्के भाग अडविणे सक्तीचे केले, आणि स्मिथ पहिले निरीक्षक झाले. पुढे कारखाने वाढले. उरलेले ५ टक्केही असह्य झाले. म्हणून १८७४ साली नवी मर्यादा आली: धुराड्यातील प्रत्येक घनफूट वायूत आम्ल ०.२ ग्रेनहून अधिक नसावे. टक्केवारीचे समाधान फसवे असते, हा या घटनेचा धडा होय.

घरोघरच्या कोळशाचा धूर मात्र या कायद्याबाहेर राहिला. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस विषारी धुके साचले. त्या वेळी सुमारे ४,००० बळींचा अंदाज झाला. नंतरच्या अभ्यासांत तो १२,००० पर्यंत गेला. त्यानंतर १९५६ साली शुद्ध हवेचा कायदा झाला.

भारतात १९८१ साली वायुप्रदूषणाचा कायदा आला व १९८४ साली आग्रा आणि अनपरा येथील ७ केंद्रांपासून राष्ट्रीय मोजणी सुरू झाली. ठरावीक हवा गाळणकागदातून ओढावयाची, कागदाचे आधीचे व नंतरचे वजन ताडून पाहावयाचे, ही धूलिकण मोजण्याची साधी रीत. २००९ च्या मानकांत १२ प्रदूषकांच्या मर्यादा आहेत.

दूषित हवेची झळ गरिबांना अधिक बसते, असे पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात बजावले. गरिबाचा खोकला हा पुरावा ठरत नाही. मोजलेला आकडा ठरतो. तेव्हा आपल्या गावच्या हवेचे आकडे विचारणे, हेही शेजारप्रीतीचे कर्तव्य आहे असे आम्ही मानतो.