भंडारदरा धरण (विल्सन धरण)

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, शेंडी गावानजीक, रतनगडावर उगम पावणाऱ्या प्रवरा नदीवरील दगडी धरण. मुंबई इलाख्याच्या पाटबंधारे खात्याने १९१० साली आरंभिलेले हे काम १९२६ मध्ये पूर्ण होऊन त्यास तत्कालीन गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे, तर जलाशयास आर्थर हिल यांचे नाव मिळाले. सुमारे ८२ मी. उंचीची ही भिंत गगनचुंबी इमारतीच्या तोडीची असली, तरी इमारतीच्या आराखड्यात माथ्यावरील भार पायापर्यंत सुखरूप पोहोचविणे हा एक मुख्य प्रश्न असतो, तर येथे कड्यांमध्ये कोंडलेल्या, खोलीगणिक वाढत जाणाऱ्या जलदाबास केवळ दगडाच्या स्वभाराने थोपवावयाचे होते; म्हणून माथा अरुंद व तळ विस्तीर्ण ठेवून, भार आणि दाब यांचे फलित पायाच्या मधल्या तृतीयांशातच पडेल, म्हणजे पाण्याकडील अंगास ताण येऊन सांधे उकलणार नाहीत, अशी या प्रकारच्या भिंतीची आखणी करतात. मोरीतून सुटलेले पाणी खालच्या गोलाकार खडकावरून छत्रीसारखे पसरते. ते दृश्य मनोहर खरे, परंतु धरणाची खरी थोरवी खालच्या अंगास, ओझर बंधाऱ्यापासून निघणाऱ्या दोन कालव्यांनी भिजविलेल्या अवर्षणग्रस्त मुलखात पाहावी. १९६९ मध्ये भिंतीस तडे गेल्याने पुढे तिला टेकू-भिंतींचा आधार देण्यात आला.