संयुगनिर्मिती : नंदिनीच्या चुनखडीच्या अनुषंगाने

दोन किंवा अधिक मूलद्रव्ये ठरावीक प्रमाणात रासायनिक बंधांनी जोडली जाऊन नवा पदार्थ तयार होणे, म्हणजे संयुगनिर्मिती. छत्तीसगडमधील दुर्ग जिल्ह्यात, भिलाईच्या उत्तरेस असलेल्या नंदिनी नगर या खाणवसाहतीत तिचे ठळक उदाहरण आढळते. भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये सुरू झाली. या कारखान्याला लागणारी चुनखडी नंदिनीच्या खाणींतून येत आली आहे.

चुनखडी म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटच्या १०० किलोंत कॅल्शियम ४०, कार्बन १२ आणि ऑक्सिजन ४८ किलो असतो; खाण कोणतीही असो, हे प्रमाण ढळत नाही. फ्रेंच रसायनज्ञ जोसेफ प्रूस्त यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस तांब्याच्या कार्बोनेटवर काम करून हाच स्थिर प्रमाणाचा नियम मांडला. मिश्रणाला असा नियम नाही. शिवाय मिश्रणात घटकांचे गुणधर्म शाबूत राहतात, संयुगात नाहीत. कॅल्शियम हा पाण्यातून हायड्रोजन मुक्त करणारा धातू, कार्बन कोळशातला, ऑक्सिजन वायू. तिघांपासून बनलेला हा दगड मात्र पावसात निमूट उभा असतो.

या दगडात बंधांचे दोन प्रकार एकत्र नांदतात. कॅल्शियमचा अणू बाहेरच्या कक्षेतील दोन इलेक्ट्रॉन गमावून धन आयन होतो आणि ऋण कार्बोनेट आयनाकडे ओढला जातो. हा आयनिक बंध. कार्बोनेटच्या आत कार्बन व तीन ऑक्सिजन अणू इलेक्ट्रॉनांची भागीदारी करतात. हा सहसंयुजी बंध. बंध जुळताना ऊर्जा बाहेर पडते, म्हणून ते तोडायला ऊर्जा पुरवावी लागते.

ही ऊर्जा झोतभट्टी पुरवते. सुमारे ९०० अंश सेल्सिअसला १०० किलो कॅल्शियम कार्बोनेटपासून ५६ किलो चुनकळी (कॅल्शियम ऑक्साइड) उरते, ४४ किलो कार्बन डायऑक्साइड निघून जातो. भिलाईला दल्ली-राजहराच्या खाणींतून मिळत आलेल्या लोहखनिजात सिलिका असते. तिच्याशी चुनकळीचा संयोग होऊन कॅल्शियम सिलिकेट बनते आणि ते धातुमळीच्या रूपाने वितळलेल्या लोखंडावर तरंगते. चुनखडीतच सिलिका जास्त असली, तर चुना तिच्यातच अडकतो. ६० किलो सिलिका ५६ किलो चुनकळी खाऊन टाकते. दगडाची प्रत म्हणूनच पारखून घ्यावी लागते. ही मळी टाकाऊ नव्हे. पाण्याने झटकन थंड करून तिचे दाणे केले की ती सिमेंटमध्ये वापरता येते.

चुनकळीवर पाणी ओतले की ती फसफसून तापते व विरते. हा विरलेला चुना भिंतीवर लावला की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो.

संयुग शिकवायला शाळेत लोहकीस आणि गंधक तापवतात. दुर्ग-भिलाईच्या शिक्षकांनी त्याच तासाला चुनखडीचा चुरा आणि लिंबूही ठेवावे. रस पडताच उठणारे बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे असतात.